ग्वाल्हेरचे जहाज आणि शाफ्टची कुरकुर

ग्वाल्हेरपासून समुद्र किती लांब आहे ते एकदा नकाशा उघडून बघा. मुंबई बंदर रेल्वेने हजार किलोमीटरच्या पलीकडे. गावात किल्ला आहे, तानसेनाची समाधी आहे, शिंद्यांचा जयविलास राजवाडा आहे. पण खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. आणि तरीही, ब्रिटिश आगबोट कंपन्यांपुढे जी स्वदेशी कंपनी टिकाव धरून उभी राहिली तिचे नाव 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन'! तिच्या आधी १९०६ साली चिदंबरम पिळ्ळे यांनी तुतिकोरिनला असाच प्रयत्न केला होता. तो गोऱ्या कंपन्यांनी आणि सरकारने मिळून मोडून काढला. सिंदिया मात्र टिकली. गोव्यात तारवट्यांची घरे पुष्कळ. परदेशी बोटींवर नोकरी करणाऱ्यांना आम्ही तारवटी म्हणतो. त्या घरांतून हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. पण कोरड्या ग्वाल्हेरच्या राजाचे नाव बोटींच्या कंपनीला का, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. तो पडला तो ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो तो एका फिरत्या दांड्यापाशी. त्या दांड्याचीच ही हकीकत.

आधी जहाजाची गोष्ट. कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १८९०-९१ मध्ये इंग्लंडातल्या बॅरो येथे एक देखणे जहाज बांधून घेतले. नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. सुमारे ४८५ फूट लांब, ५,९०५ टन, वेग ताशी १६ नॉट. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँग अशा तिच्या खेपा चालत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा, म्हणजे १९१४ च्या अखेरीस, हे जहाज ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतले. जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचे तरंगते इस्पितळ केले आणि नाव ठेवले 'लॉयल्टी'. माधवरावांना हे नवीन नव्हते. १९०० साली चीनच्या मोहिमेसाठीही त्यांनी एक इस्पितळ-जहाज दिले होते. यंत्रांचा त्यांना भारी सोस. जयविलासमध्ये जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची आगगाडी आजही लोक बघायला जातात, ती त्यांचीच.

युद्ध संपले आणि १९१९ साली ही 'लॉयल्टी' विकायला निघाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. जहाज शिंद्यांचे, म्हणून कंपनीला नावही शिंद्यांचे. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. त्याची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही सापडेल. मला सांगायचे आहे ते 'लॉयल्टी'च्या पोटातले.

या जहाजाला पंखे दोन होते. (प्रोपेलरला आमच्याकडचे मासेमार पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) दोन पंखे म्हणजे दोन शाफ्ट. इंजिनापासून निघून बोटीच्या पाठच्या टोकातून बाहेर समुद्रात जाणारा पोलादी दांडा म्हणजे शाफ्ट. एकाच पंख्याच्या जहाजाचा शाफ्ट भर समुद्रात मोडला की जहाज म्हणजे नुसता ओंडका. म्हणून तर आगबोटी आल्यावरही पुष्कळ वर्षे डोलकाठ्या आणि शिडे ठेवलेली असत. दोन पंखे आले आणि शिडांची गरज सरली. एक शाफ्ट गेला तर दुसरा आहे!

पण शाफ्ट मोडतो का? 'एम्प्रेस ऑफ इंडिया'चे बांधकाम चालू होते त्याच काळात, मार्च १८९० मध्ये, अटलांटिकवर एक भयंकर प्रकार घडला. 'सिटी ऑफ पॅरिस' हे त्या वेळचे अगदी नवे, दोन पंख्यांचे जहाज. त्याचा उजवा शाफ्ट पाठच्या टोकाला मोडला. शाफ्ट मोडताच इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा झाला, ते बेफाम फिरले आणि स्वतःच्याच तुकड्यांनी त्याने स्वतःला फोडून टाकले. दोन्ही इंजिनखोल्यांत पाणी शिरले. नशीब की जहाज बुडाले नाही, माणूस दगावला नाही. ओढत ओढत ते आयर्लंडच्या बंदरात नेले. आता बघणाऱ्याला वाटणार, इंजिन फुटले, म्हणजे दोष इंजिनाचा. पण चौकशीत माग काढत गेल्यावर मूळ सापडले ते पार दुसऱ्या टोकाला. पंख्याजवळ शाफ्ट ज्या आधारावर फिरतो त्या बेअरिंगचे लाकूड झिजत गेले होते. शाफ्ट खाली बसत गेला, त्याची रेषा वाकली. वाकड्या रेषेत फिरणारा दांडा प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा वाकतो आणि सरळ होतो. तार पुनःपुन्हा वाकवून तोडतात ना, तसेच. लाखो फेऱ्यांनंतर पोलादही हरते.

बेअरिंग लाकडाचे, हे वाचून थबकला असाल. मीही थबकलो होतो. पंख्याच्या पहिल्या आगबोटींना पितळेची बेअरिंगे असत आणि ती विलक्षण वेगाने झिजत. १८५४ च्या सुमारास जॉन पेन या इंग्रज इंजिनियरने प्रयोग करून दाखवले की धातूवर धातू घासण्यापेक्षा पाण्याखाली लाकूड कितीतरी जास्त टिकते. लाकूड कुठले, तर कॅरिबियन बेटांकडचे 'लिग्नम व्हायटी'. इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते, आणि अंगात मूळचाच चिकट राळेचा अंश. त्याच्या पट्ट्या नळीच्या आतून बसवायच्या, पट्ट्यांमध्ये फटी ठेवायच्या, फटींतून समुद्राचे पाणी खेळते. तेल नाही, ग्रीस नाही. पाणी हेच वंगण. शंभर वर्षे जगातली बहुतेक मोठी जहाजे या लाकडावर फिरली.

त्या काळच्या बोटीत इंजिनखोलीपासून पाठच्या टोकापर्यंत शाफ्टसाठी एक लांबलचक बोगदा असे. अंधारा, दमट, तेलकट. त्यातून दर पाळीला ये-जा करणारा माणूस म्हणजे तेलवाला. आपल्या खलाशांच्या बोलीत बोटीवरच्या कामांची नावेच अशी: कोळसा टाकणारा आगवाला, तेल घालणारा तेलवाला, त्यांच्यावर सारंग. आमचे गोंयकार बहुतेक वर, स्वयंपाकघरात आणि पाहुण्यांच्या दिमतीला. खाली इंजिनाकडे सिल्हेटचे, पंजाबचे, सरहद्दीकडचे लोक. तेलवाला हातात तेलाची झारी घेऊन प्रत्येक बेअरिंगपाशी थांबे, हात लावून बघे, कान देई. कोमट आहे, ठीक. चटका बसला, वरच्याला कळवा. आवाज कालच्यासारखा आहे, ठीक. बदलला, वरच्याला कळवा. हजारो टनांचे जहाज एका माणसाच्या तळहातावर आणि कानावर विसंबून असे. त्याचे नाव मात्र कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

आता बिर्लानगर. ग्वाल्हेर स्टेशन सोडून आग्र्याच्या दिशेने निघालो की लगेच लागणारे स्टेशन. 'लॉयल्टी' लंडनला निघाली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, घनश्यामदास बिर्लांनी इथे कापडगिरणी काढली. तिचेही नाव शिंद्यांच्याच घराण्यातले, जियाजीराव कॉटन मिल्स. लोकांच्या तोंडी जे.सी. मिल. पुढे १९४७ साली ग्वाल्हेर रेयॉन आली, तीच पुढची ग्रासिम. 'ग्वालियर सूटिंग'ची जाहिरात आठवत नाही असा पन्नाशीच्या पुढचा माणूस विरळा. या गिरण्यांभोवती जे गाव वसले ते बिर्लानगर. म्हणजे बघा, दोन वर्षांच्या अंतराने शिंद्यांच्या नावाचे एक जहाज समुद्रावर आणि शिंद्यांच्या नावाची एक गिरणी माळावर. १९२३ मध्ये 'लॉयल्टी' मुंबईत मोडीत निघाली. गिरणी त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे चालली आणि १९९० च्या दशकात तीही बंद पडली.

बिर्लानगरात मी गेलो होतो लग्नाला. ग्वाल्हेरची मराठी घरे म्हणजे मुख्यतः लष्कर भागातली, पण मुलीकडचे एक काका बिर्लानगरात राहणारे, तिथल्या एका गिरणीत फिटर म्हणून उमेदवारी करून निवृत्त झालेले. मी गोव्याचा, समुद्राकडचा, म्हणून माझ्याशी बोलायची त्यांना हौस. बोलता बोलता मी त्यांना आमच्या शेजाऱ्याच्या ट्रॉलरची तक्रार सांगितली. १ जून ते ३१ जुलै गोव्यात मासेमारीला बंदी असते. दोन महिने ट्रॉलर किनाऱ्यावर चढवून ठेवला, रंग मारला, रबराचे नवे बेअरिंग घातले, ऑगस्टात पाण्यात उतरवला, तर शाफ्ट हाताने फिरेना आणि इंजिन लावले की कुरकुर, मग घरघर. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स गेला. खर्च ऐकून शेजारी आजारी पडायच्या बेताला.

काका हसले. म्हणाले, "आपण बोट बघितलेली नाही मी, पण शाफ्ट बघितलाय. आवाज जिथून येतो ना, तिथेच बीमारी असेल असं समजू नये. आवाज दांड्यातून चालत जातो. आधी वेगळं करा, मग ऐका."

गिरणीतला शाफ्ट कसा होता ते त्यांनी जमिनीवर काडीने काढून दाखवले. जुन्या गिरण्यांत प्रत्येक साच्याला वेगळी मोटर नव्हती. छताखालून खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब दांडा, तुकडे जोडून केलेला, जागोजागी बेअरिंगांत टांगलेला. त्यावरून पट्टे खाली येऊन एकेक साचा फिरवत. इमारत एका कोपऱ्यात सुताभर खचली की तिथले बेअरिंग खाली बसते, दांड्याची रेषा मोडते, बेअरिंग तापते आणि आवाज येतो तो भलत्याच ठिकाणी. नवशिका तापलेले बेअरिंग बदलतो. पंधरा दिवसांत नवेही तापते. जुना माणूस सगळे पट्टे उतरवतो, जोड सोडतो, एकेक तुकडा हाताने फिरवून बघतो. मग सूत ताणायचे, ओळंबा सोडायचा, पाणसळ लावायची. "गवंड्याची अवजारं आणि फिटरचा कान, बस," काका म्हणाले. कानासाठी अवजार एकच, लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक बेअरिंगवर, मूठ कानाच्या हाडावर. तेवढ्याच जागचा आवाज आत येतो, बाकी गिरणी जणू बंद होते.

गोव्याला परतल्यावर हे सगळे शेजाऱ्याला सांगितले. त्याने मालीमच्या जेटीवरच्या एका जुन्या तांडेलाला बोलावले. आणि त्या तांडेलाने, बिर्लानगर हे नाव आयुष्यात न ऐकता, नेमके तेच केले! मंडळी, इथे थोडा तपशील देतो, कारण सगळी गंमत तपशिलातच आहे.

पहिले काम, इंजिन बंद करून गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्यामधला जोड, म्हणजे कपलिंग, सोडले. आता गिअरबॉक्सची बाजू हाताने फिरवली. लोण्यासारखी फिरली. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. शाफ्ट फिरवला, तर तो जड. पण किती जड? कपलिंग जोडलेले असताना होता त्यापेक्षा पुष्कळ हलका. याचा अर्थ दोष दोन ठिकाणी वाटलेला: काही शाफ्टच्या आत, काही जोडात.

मग ग्लँड. शाफ्ट बोटीतून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून चरबी लावलेली जाड दोरी वेटोळी घालून दाबून बसवतात. नवी दोरी घालणारा उत्साहाच्या भरात नट आवळत सुटतो. पाणी एकदम बंद झाले की त्याला आनंद! पण ग्लँड थोडी ठिबकलीच पाहिजे. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडले तर दोरी थंड राहते. कोरडी ग्लँड तापते, दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो. तांडेलाने नट ढिले केले, ठिबक सुरू झाली, शाफ्ट बराच हलका झाला.

नंतर पंख्याकडचे रबरी बेअरिंग. जुन्या लाकडाची जागा आता बहुतेक छोट्या बोटींत या रबराने घेतली आहे. आतून पन्हळी असलेली रबराची नळी, तत्त्व तेच, पाणी हेच वंगण. हेही सुचले ते एका अमेरिकन खाण-इंजिनियरला, खाणीतले पाणी उपसणाऱ्या पंपाला बेअरिंग टिकेना म्हणून त्याने रबरी नळीचा तुकडा घालून बघितला तेव्हा. नवे रबर कोरडे असताना शाफ्टला धरून ठेवते आणि किंचाळते. म्हणून किनाऱ्यावर चढवलेल्या बोटीचे इंजिन 'जरा बघूया' म्हणून गिअरमध्ये टाकू नये. कोरडे रबर काही क्षणांत जळते. इथे पाण्यात भिजल्यावर किंचाळणे थांबले होते. एक पोरगा बुडी मारून आला. शाफ्टला गुंडाळलेले जुन्या जाळ्याचे नायलॉन त्याने कापून काढले. ट्रॉलरच्या बाबतीत हे संशयिताच्या यादीत नेहमी असतेच.

राहिली ती रेषा. कपलिंगच्या दोन तबकड्या अगदी जवळ आणून त्यांच्यामधली फट चारी बाजूंनी फिलर गेजने मोजायची. ठोकताळा असा: तबकडीच्या प्रत्येक इंच व्यासामागे फरक इंचाच्या हजाराव्या भागाहून जास्त नको. सहा इंचांची तबकडी असेल तर वरची फट आणि खालची फट यांत सहा हजारांश इंच, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. इथे फरक त्याच्या कितीतरी पट निघाला. कारण? इंजिनाची जुळवणी बोट किनाऱ्यावर असताना केली होती. लाकडी बोट दोन महिने ठोकळ्यांवर बसली की तिची पाठ थोडी बदलते. पाण्यात उतरली की पाणी तिला सगळीकडून सारखा आधार देते आणि ती पुन्हा आपल्या मूळ आकाराला येऊ लागते. तांडेल म्हणाला, "दोन दिवस तिला पाण्यात निजू दे. मग बघू." तिसऱ्या दिवशी फट पुन्हा मोजली, इंजिनाच्या पायांखालच्या पट्ट्या कमीजास्त केल्या, कपलिंग आवळले. घरघर गेली. गिअरबॉक्सला कोणी हात लावला नव्हता.

जाता जाता त्याने आवाजांची एक यादीच सांगितली. गिअर टाकताना एकच 'ठक्' होत असेल तर कपलिंगची चावी सैल. फेऱ्यागणिक एक ठोका पडत असेल तर शाफ्ट वाकलेला, नाहीतर पंख्याचे एखादे पाते वाकले किंवा तुटले असेल. फेऱ्यागणिक पंख्याच्या पात्यांइतके ठोके असतील तर बघायचे ते पंख्याकडे. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करते आणि गिअरबॉक्स ते तिसऱ्या हिश्श्यावर आणतो, म्हणजे शाफ्टचे ५०० फेरे. तीन पाती असतील तर मिनिटाला १,५०० धडका. हे गणित त्याने कागदावर केले नव्हते. त्याच्या कानाला फरक कळत होता, इतकेच.

मला अचंबा वाटला तो या तिघांच्या सारखेपणाचा. 'लॉयल्टी'च्या बोगद्यातला तेलवाला, बिर्लानगरचा फिटर, मालीमचा तांडेल. एकमेकांना ओळखत नाहीत, भाषा वेगळ्या, काळ वेगळे. पण रीत एकच: गोंगाट करणाऱ्याला आधी दोषी धरायचे नाही, जोड सोडून एकेकाला वेगळे तपासायचे, शेवटी रेषा बघायची. आपल्याकडे बैलगाडीचा कणा कुरकुरला की वंगण घालतात, आणि तरीही कुरकुरला तर चाक काढून आस बघतात. ही समज जुनीच आहे. वाफेने आणि डिझेलने तिला फक्त नवे कारखाने दिले.

पण ही समज राहते कुठे? गिरणीची कागदपत्रे राहतात, भागधारकांची यादी राहते, भोंग्याच्या आठवणी कवी लिहितात. साचेखात्यातला कान मात्र माणसाबरोबर जातो. बिर्लानगरात काकांनी मला बंद गिरणीच्या भिंतीपर्यंत नेले होते. भिंतीपलीकडे गवत. ते म्हणाले, "पहिल्या महिन्यात झोप नाही लागली. रात्री शांत झालं की वाटायचं, काहीतरी बिघडलंय, जाऊन बघावं." त्यांची मुले दिल्लीला, पुण्याला संगणकावर काम करतात. चांगलेच आहे. पण शाफ्टला कान लावायला काका आता कोणाला शिकवणार? आणि आमच्याकडे तरी काय वेगळे? ट्रॉलरवर आता बहुतेक खलाशी परराज्यांतले, हंगामापुरते आलेले. तांडेलाचा मुलगा जेटीवर उतरत नाही.

रामपोण ओढणाऱ्यांच्या होडीला शाफ्ट नव्हता, वल्ह्यांचा आवाज तेवढा होता. साठच्या दशकात ट्रॉलर आले, सत्तरीत त्यांच्यावरून रापणकारांशी मोठा झगडा झाला. तो इतिहास निदान लिहिला तरी गेला. पण त्या ट्रॉलरांच्या पोटात उतरून इंजिनाची भाषा शिकलेल्या पहिल्या पिढीने काय काय शोधून काढले, कोणता आवाज कशाचा हे कसे ठरवले, ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे.

दरवर्षी ५ एप्रिलला भाषणे होतात. वालचंद हिराचंदांचे नाव निघते, नरोत्तम मोरारजींचे निघते, कधी कधी माधवराव शिंद्यांचेही. ती निघायलाच हवीत. पैसा त्यांनी घातला, गोऱ्या कंपन्यांशी भांडण त्यांनी घेतले. पण २८ वर्षांची म्हातारी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनपर्यंत गेली ती दोन शाफ्टांवर, आणि ते शाफ्ट तापत नाहीत ना हे दर पाळीला तळहाताने बघणारा कोणीतरी खाली अंधारात होता. मी या रविवारी मालीमला जाऊन तांडेलाची आवाजांची यादी पुरी लिहून घेणार आहे. बिर्लानगरच्या काकांनाही पत्र टाकले आहे.